साडूची गाडी

रणजीत शेडगे तळवलीतला डेंटर. ठोकलेल्या, चेपलेल्या, रिव्हर्स घेताना सोसायटीच्या खांबाला भिडलेल्या गाड्या सरळ करायचं त्याचं गॅरेज. पत्र्याच्या कामात ठाणे-बेलापूर रोडवर आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. शेजारच्या टायरवाल्याने घणसोलीत दुसरं दुकान टाकलं तेव्हा याने चार पेढे खाल्ले आणि दोन घरी नेले. असा हा बिनजळका माणूस. पण साडूचं नाव निघालं की याच्या अंगाची आग झालीच म्हणून समजा.

ज्याला साडू नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. सख्ख्या भावाशी कडाकडा भांडता येतं, मेव्हण्याला दोन शब्द सुनावता येतात. साडूशी मात्र गोडच बोलावं लागतं, कारण दोघांच्या मागे दोन बहिणी असतात आणि त्या रोज फोनवर असतात. रणजीतची बायको उज्वला थोरली, मंजुषा तिची धाकटी बहीण. मंजुषाचा नवरा इंद्रजित ऐरोलीला एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा. न्यायला-आणायला कंपनीची गाडी, शनिवार-रविवार सुट्टी, सातव्या मजल्यावर फ्लॅट. कोरेगावकडे सासुरवाडीला दोघे जावई एकदम पोचले की सासूबाई म्हणायच्या, "इंद्रजितरावांना पंख्याखाली बसवा गं, दमलेत." आणि मग याच्याकडे वळून, "रणजीतराव, आलाच आहात तर जरा विहिरीवरची मोटार बघता का? कालपासून आवाज करतेय." आता विहिरीवरच्या मोटारीचं आणि डेंटरचं काय नातं? पण जायचा बिचारा.

हे सगळं त्याने पंधरा वर्षं गिळलं. गाडीचं मात्र त्याला गिळता आलं नाही.

गाडीचं असं झालं. जासईला, कंटेनर यार्डांच्या रस्त्याला लागून, हसुराम घरत नावाच्या म्हाताऱ्या शेठचं घर. घरामागे चिकूच्या झाडाखाली ताडपत्रीत गुंडाळलेली एक लाल गाडी उभी असायची. दोन सीटची, बुटकी, वरून उघडी. पंचवीस वर्षांपूर्वी गोव्याला असल्या गाड्या बनायच्या. रस्त्यावर एखादी दिसली तर माणसं चहा सोडून बघत उभी राहायची. नऊ वर्षांपूर्वी एका ट्रेलरचा दरवाजा ठोकायला रणजीत जासईला गेला होता. वाऱ्याने ताडपत्रीचं टोक उडालं, खालून गाडीचा एक गोल डोळा दिसला, आणि हा जागच्या जागी प्रेमात पडला. त्याला दुसरा शब्द नाही. पोरगा पंचविशीत एखादीच्या घरावरून उगाच चकरा मारतो ना, तशा हा चाळिशीत जासईला चकरा मारायला लागला.

पण रणजीतच्या उस्तादाने त्याला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. जी गाडी घ्यायची तिला आधी नावं ठेवायची. मालकासमोर बोटाने टकटक करायची, चेहरा पाडायचा, चुकचुकायचं. कौतुक तोंडातून निघालं की भाव चढला. जुन्या गाड्यांच्या धंद्यात सगळेच असं करतात आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं. रणजीतच्या मात्र ते हाडात मुरलं होतं. वर्षातून तीनदा तो जासईला जायचा, हसुरामशेठकडे चहा प्यायचा, ताडपत्री उचलायचा आणि सुरू व्हायचा. "शेठ, फायबर तडकलंय सगळं." "शेठ, इंजिन जाम झालंय, उघडलं की राखच निघणार." "शेठ, भंगारवाला फुकट उचलायचा नाही हिला." शेठ नुसते हूं करायचे. याच्या हिशेबाने भाव उतरत चालला होता. अजून एखादं वर्ष काढलं की म्हातारा स्वतःच म्हणणार, घेऊन जा बाबा एकदाची. डाव कसा पक्का होता!

मग गेल्या दिवाळीत सासुरवाडीला फराळावर गप्पा रंगल्या आणि याने आपणहोऊन तोंड उघडलं. "जासईला एक खटारा पडलाय," म्हणाला, "दोन सीटची स्पोर्ट्स कार. शेठने नुसती सडवलीय." इंद्रजितचा चकलीचा हात तिथेच थांबला. त्याने दहा प्रश्न विचारले. शेवटी अगदी सरळ विचारलं, "दाजी, तुम्ही घेत नाही ना ती?"

"छे! असला डबा कोण घेतो? डोक्यावर पडलेला माणूस घेईल."

हे त्याचं तोंड बोललं, सवयीने. मन तिकडे चिकूच्या झाडाखाली उभं होतं.

पुढच्याच रविवारी बायकोच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. ताडपत्री बाजूला, लाल गाडी, तिच्या बॉनेटवर हात ठेवून इंद्रजित, आणि खाली लिहिलेलं, 'लहानपणापासूनचं स्वप्न पूर्ण.' उज्वलाने जेवताना फोन पुढे धरला. रणजीतने घास गिळला, वर तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "फसला." मग हात धुवून गॅरेजवर गेला आणि रविवार असूनही एका चांगल्या-भल्या बंपरला संध्याकाळपर्यंत ठोकत बसला.

पुढची गंमत ऐका. चार दिवसांनी ती गाडी टोइंगच्या साखळीला लटकत आली ती थेट याच्याच दारात. मागून इंद्रजित, हातात मिठाईचा पुडा. "दाजी, खरं सांगतो, बजेट फार टाइट आहे. फ्लॅटचा हप्ता, पोरीची फी. सामानाचे पैसे थोडे थोडे करून देईन. मजुरीचं मात्र तुम्हीच सांभाळून घ्या. घरचंच काम आहे." रणजीतला नाही म्हणता आलं असतं. गॅरेजमध्ये जागा नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण गाडी दुसऱ्या कुणाच्या गॅरेजला जाणार, दुसरा कुणी तिचा दरवाजा उघडणार, हे त्याला सहन झालं नाही. "लावा आत," तो म्हणाला. "भिंतीला घासू नका."

आठ महिने ती गाडी रणजीतच्या शेडमध्ये होती. अंग फायबरचं, पत्रा औषधाला नाही, म्हणजे याची वीस वर्षांची हातोडी तिथे फुकट. हा पठ्ठ्या तीन रविवार करंजाला जाऊन, होड्यांना फायबर लावणाऱ्याच्या शेजारी बसून ते काम शिकला. पैसे नव्हते म्हणून डोकं चालवलं. कापडी टप रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून शिवून घेतला. मागचे दिवे मोडीत निघालेल्या टेम्पोचे बसवले, असे बेमालूम की कंपनीने बघितलं तरी ओळखायची नाही. सीटांना सोफेवाल्याकडचं उरलेलं रेक्झिन. इंजिनाला ज्योतिबा मेकॅनिकने हात लावला तोही रणजीतच्या शब्दाखातर. आणि आतून राख काही निघालीच नाही. महिनाभरात इंजिन फुर्रकन सुरू झालं. ते ऐकून रणजीतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इंद्रजितने आनंदाने मिठी मारली ती ज्योतिबाला, त्याचंही याला वाईट वाटलं.

बरं, इंद्रजित आयतोबा असता तर गोष्ट सोपी होती. शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण तो दर रविवारी जुना टी-शर्ट घालून यायचा, सगळ्यांसाठी वडापाव आणायचा आणि फायबर घासायला बसायचा. की-बोर्डची बोटं ती, फोडांनी भरली. तरी हसतोय. "दाजी, हा कर्व्ह बघा ना. काय आखलाय!" असं म्हणून गाडीवरून तळहात फिरवायचा. रणजीतला वाटायचं, हात काढ रे तो. काढ. ती माझी आहे.

वर त्याचे व्हिडिओ. 'कमी पैशांत जुनी स्पोर्ट्स कार', दर आठवड्याला एक. मंजुषा शूटिंग करायची. काम करणारे हात रणजीतचे आणि बोलणारं तोंड इंद्रजितचं. रणजीत दुपारी डबा खाताना एकेक कॉमेंट वाचायचा. दादा ग्रेट. दादा, तुमच्या जिद्दीला सलाम. एकाने विचारलं होतं, तो मागे काळ्या शर्टातला हेल्पर कोण, भारी काम करतो. हेल्पर! भाजीचा घास तोंडात फिरायला लागला. खाली इंद्रजितने उत्तर दिलं होतं की ते माझे दाजी आहेत, सगळं काम त्यांचंच आहे, मी नुसता नाचतोय. हे वाचून तर रणजीत अधिकच जळला. मेल्याला धड वाईटही वागता येत नाही!

घरी उज्वलाच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, एवढी हवी होती गाडी तर घ्यायची होतीत. मी काय नाही म्हटलं असतं? भिशी लागलीच होती."

"कुणाला हवी होती? मला? असला डबा?"

"बरं," उज्वला म्हणाली. "मला बघायला आलात तेव्हाही तुम्ही मामांना म्हणाला होतात की मुलगी ठीक आहे, पण पोहे खारट आहेत. आतून सगळं ऐकत होते मी. वर्षभर रडले त्यावर." आणि उठून आत गेली.  पोहे उत्तम झाले होते, रणजीतला आजही चव आठवत होती.

जुलैत रंगाचा शेवटचा हात झाला. आरशासारखी लाल. आता राहिलं होतं नावावर करणं. गाडी अजून कागदावर हसुरामशेठचीच होती. घाईत आणि पैशांच्या ओढाताणीत इंद्रजितने ते लांबवलं होतं. तो फॉर्म घेऊन आला. "दाजी, मला रविवारपर्यंत सुट्टी नाही आणि तुमची शेठशी ओळख आहे. खाली त्यांच्या सह्या तेवढ्या आणता? घेणाऱ्याचं नाव-बिव कोरंच राहू दे, एजंट भरेल."

कोरं. रणजीतने फॉर्म हातात घेतले आणि उलटेसुलटे करून बघितले. सहीचा फॉर्म, घेणाऱ्याचं नाव कोरं. त्या कोऱ्या जागेत ज्याचं नाव पडेल त्याची गाडी. अख्ख्या आयुष्यात त्याला एवढी एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती गाडी स्वतःच्या नावावर, आणि साडूने ती स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे ठेवली होती. रात्रभर त्याने मनातल्या मनात वकिली केली. मजुरी कुणाची? माझी. फायबर कुणी शिकलं? मी. भिशीचे पैसे उचलायचे, इंद्रजितने शेठला दिलेली रक्कम त्याच्या हातात ठेवायची आणि सांगायचं, शेठ ऐनवेळी अडून बसले, म्हणाले गाडी रणजीतच्याच नावावर करणार. दोन बहिणी सहा महिने बोलणार नाहीत. न बोलू देत. सासूबाई पंख्याखाली बसवणार नाहीत, तसंही कुठे बसवतात?

सकाळी तो बाईकवरून जासईला निघाला. रस्त्यावर ट्रेलरांची रांग, मधून वाट काढत काढत तो ते खोटं मोठ्याने म्हणून बघत होता. जासई येईस्तोवर ते त्याला पाठ झालं.

हसुरामशेठ ओटीवर बसले होते. नव्वदीला टेकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "ये रं रनजित. बरेच दिसांनी." चहा आला. शेठनी तीन ठिकाणी कापऱ्या हाताने सह्या केल्या. "नि ह्या जाग्यावर कुनाचं नाव?"

"ते एजंट टाकतो, शेठ." सहज निघालं तोंडातून.

काम झालं होतं. फॉर्म पिशवीत होते. इथे शहाणा माणूस उठला असता आणि चालता झाला असता. पण हेवा माणसाला सुखाने उठू देतो का? आठ महिने जे घशाशी आलं होतं ते बाहेर पडलंच. "शेठ, एक विचारतो. मी नऊ वर्षं तुमच्या दारात येतोय. त्या माणसाला तुम्ही एका रविवारात गाडी दिलीत. असं काय सोनं ओतलं त्याने?"

"सोनं?" म्हातारा हसला. "आरं, त्याच्याकडं पैसं कमीच व्हते. मीच बोललो, तुला परवडंल ते दे."

रणजीतला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग दिलीत कशाला?"

शेठनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "जमिनीची भरपाई मिळाली तवा घेतली व्हती ती गारी. लोकं बोलली, येडा जाला हसुराम. आमची म्हातारी पयल्यांदा बसली नि जासई ते उरन डोक्यावरचा पदर धरून नुसती हसत व्हती. तिची लय लाडकी. बंद पडली तरी इकू देई ना. मंग तू येऊ लागला. ताडपत्री उचलून बोलायचा, राख हाय, भंगार हाय. तू गेल्यावर म्हातारी जाऊन पुन्ना झाकून येयाची. बोलायची, त्या डेंटरला आपली गारी बगवत नाय, मंग येतो कशाला सारखा? दोन वरसं जाली तिला जाऊन. गेल्या दिवालीला तुजा साडू आला. ताडपत्री उचलली नि तोंडावर हात ठेवला. बोलला, काका, काय देखनी गारी हाय! बास. मी चावी आनाया घरात गेलो."

बाहेर एक ट्रेलर घरघरत गेला.  मग रणजीत आयुष्यात पहिल्यांदा, भाव करायचं काही उरलं नसताना, खरं ते बोलला.

"शेठ, मला ती पहिल्या दिवसापासून आवडायची. मला घ्यायची होती ती."

"तुला?"

"मला."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. आधी त्यांना हसू आलं असावं, पण ते ओठांवर यायच्या आतच गेलं. "आरं येड्या," ते म्हणाले, "मंग तसं बोलायचं व्हतं ना. पयल्याच साली दिली असती तुला. तू चालू करून दारात आनली असती. म्हातारी तवा हिंडतीफिरती व्हती, पुन्ना एकदा बसली असती तिच्यात."

  रणजीतला ती म्हातारी आठवली, दरवेळी बशीतून बिस्किटं आणून ठेवणारी, आणि तो तिच्यासमोरच गाडीवर टकटक करून राख राख म्हणायचा. त्याने पिशवीतून फॉर्म काढले, शेठचंच पेन घेतलं आणि ओटीवर वाकून कोऱ्या जागेत इंद्रजितचं नाव लिहिलं, आडनावासकट, पत्त्यासकट, ऐरोलीच्या पिनकोडसकट. चांगुलपणाने लिहिलं म्हणाल तर नाही. साडूवरचा राग तसाच होता, उलट वाढला होता, कारण राग यावा असं त्याने काही केलंच नव्हतं. नुसतं तिथे बसून म्हाताऱ्यादेखत स्वतःचं नाव लिहायची रणजीतची छाती झाली नाही. आणि पुढे रस्त्यात लिहिलं असतं तर त्या म्हातारीच्या आठवणीने ती गाडी त्याला चालवता आली नसती.

परत आला तेव्हा इंद्रजित ऑफिसातून परस्पर गॅरेजवर येऊन थांबला होता. गाडीभोवती फिरत होता, फडक्याने नसलेली धूळ पुसत होता. फॉर्म हातात पडताच त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. "झालं? दाजी, झालं? म्हणजे आता माझी?"

"तुमची."

इंद्रजितने फॉर्म उजेडात धरले. "अरे, नाव तुम्हीच भरलंत? काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं दाजी! मला माहीतच नव्हतं."

त्या क्षणी रणजीतला त्याचा जो हेवा वाटला तसा गाडीपायीही कधी वाटला नव्हता. या माणसाला आता रणजीतकडून काही नको होतं. गाडी मिळाली, कागद मिळाले. डोळ्यांना चांगलं दिसलं, म्हणून तोंडाने बोलला. किती सोपं होतं ते! एवढंच एक जमलं असतं तर नऊ वर्षांपूर्वी तो उरणच्या रस्त्याने शेजारी एका हसऱ्या म्हातारीला घेऊन गेला असता आणि त्याच्याही आधी उज्वला वर्षभर रडली नसती. आपणही काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं. गाडीबद्दल, किंवा त्या फोड आलेल्या बोटांबद्दल, काहीही. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

"इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहिलंय," तो म्हणाला. "त्याला कसलं आलंय अक्षर?"